आटे जुळले, पुढे काय? जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर निवडताना

जुना फिल्टर पिशवीत घालून स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं. दुकानदाराने फळीवरून तसाच दिसणारा डबा काढायचा, दोन्ही काउंटरवर शेजारी उभे करायचे, रबरी रिंगेला रिंग लावून बघायची आणि "हाच बसतो, न्या बिनधास्त" हे ऐकून घरी यायचं. जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर बहुधा असाच निवडला जातो. डबा बसतोसुद्धा. इंजिन सुरू होतं, तेलाच्या दाबाचा काटा वर चढतो, खाली तेलाचा थेंब दिसत नाही. निवड चुकली असेल तर ती कधीतरी बेअरिंगमध्ये उमटते, आणि तोवर फिल्टरवर कुणाचा संशयही जात नाही.

बाहेरून मोजता येणारं माप हा निम्माच मामला आहे. आत दोन झडपा असतात, किंवा नसतात. कागद कुठल्या प्रतीचा हे पत्र्यावरून कळत नाही. आणि तुमच्या इंजिनाची त्या डब्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे, हे दुकानाच्या कॅटलॉगात क्वचितच लिहिलेलं असतं. नव्या गाडीत ही काळजी कंपनीने घेतलेली असते. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत मूळ नंबर बंद झालेला असतो, त्याच्या जागी पर्यायी नंबर आलेला असतो, मग त्या पर्यायाचा पर्याय. आणि या साखळीत दर वेळी जुळवलं जातं ते फक्त बाहेरचं माप.

गाडीचं नाव नको, इंजिन सांगा

"ॲम्बेसिडरचा फिल्टर द्या" हे वाक्य अपुरं आहे. ॲम्बेसिडरमध्ये बराच काळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज कुळातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. १९९० च्या दशकात इसुझूचं १.८ लिटर आलं. शिवाय डिझेल वेगळं. आरसी बुकात नाव एकच. जुन्या जीपमध्ये तर मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं आपल्याकडे सर्रास झालं, त्यामुळे बॉनेटखाली काय आहे ते बॉनेट उघडूनच पाहावं लागतं. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर वाचा आणि त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. मॅन्युअलमध्ये तेलाच्या रस्त्याची एक आकृती असते. फिल्टर निवडण्यासाठी तेवढं एक पान हाताशी असलं तरी पुष्कळ.

त्या आकृतीत तीनपैकी एक प्रकार सापडेल.

पहिला, फिल्टरच नसलेला. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कागदी फिल्टर नाहीच. खाली एका गोल झाकणामागे जाळी असते. झाकणाला सहा छोटे नट, दोन गॅस्केट आणि नटांखाली तांब्याचे वॉशर. तेल मावतं अडीच लिटर. जाळी मोठा कचरा अडवते, बारीक कण तेलातच फिरत राहतात. म्हणून कंपनीने दर ५,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगितलं होतं. इथे 'फिल्टर बदलणं' म्हणजे जाळी धुणं, गॅस्केट नवे घालणं आणि नट जेमतेम आवळणं. ७ न्यूटन-मीटर म्हणजे फारच कमी. पाना हातात आला की जोर लावायचा मोह होतो, आणि मग मिश्रधातूच्या ब्लॉकमधून स्टड आट्यांसकट उपटून येतो.

दुसरा, बायपास फिल्टर. विलिस जीपचं १३४ घनइंचाचं (म्हणजे सुमारे २.२ लिटरचं) इंजिन याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण, महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या सुरुवातीच्या जीपही याच वंशातल्या. इंजिनाच्या बाजूला एक उभा डबा दिसतो, त्याला दोन बारीक नळ्या. एकीतून तेल येतं, दुसरीतून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत, परत जातं. पंपाने ढकललेलं बहुतेक तेल फिल्टरला न भेटता थेट बेअरिंगकडे जातं, साधारण दहावा हिस्साच डब्यातून फिरून येतो. थोडं-थोडं करून सगळं तेल कधीतरी गाळलं जातं, असा हिशोब.

या व्यवस्थेत एक बारीक छिद्र कळीचं असतं. फिल्टरकडे जाणारं तेल त्या छिद्रातून जातं म्हणून मर्यादेत राहतं. काही रचनांत छिद्र डब्याच्या मधल्या नळीत असतं, काहींत नळीच्या जोडात. ते कुणी ड्रिल मारून 'मोकळं' केलं, किंवा छिद्र नसलेला दुसराच डबा लावला, तर पंपाचं तेल सोप्या वाटेने चेंबरमध्ये परत पळतं आणि बेअरिंग उपाशी राहतात. गरम इंजिन आयडलिंगला असताना काटा तळाला टेकतो आणि निष्कर्ष निघतो की इंजिन उतरवायला झालं. खरं तर छिद्राचं माप मोठं झालेलं असतं. जीपचा काटा अचानक पडला आणि आदल्या आठवड्यात फिल्टर बदलला असेल, तर इंजिन उघडण्याआधी हे बघा.

तिसरा, फुल-फ्लो. पंपातून निघालेलं सगळं तेल आधी फिल्टरमधून आणि मग बेअरिंगकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू सगळे याच रचनेवर आले. अधूनमधून मिश्र प्रकारही भेटतो: मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ डिझेल गाड्यांच्या फिल्टरमध्ये एकाच कांडीत फुल-फ्लो आणि बायपास असे दोन भाग आहेत. तिथे उंचीला जुळणारी साधी कांडी घालून भागत नाही.

यापुढचं सगळं फुल-फ्लोबद्दल, कारण घोळ तिथेच जास्त होतात.

वाटीचा फिल्टर: चूक होते, पण दिसत नाही

१९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांत फिल्टर म्हणजे पत्र्याची वाटी, तिच्यात कागदी एलिमेंट (तेल गाळणारं नळकांडं), आणि तळातून वरच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या फिल्टरच्या बैठकीत, जाणारा एक लांब बोल्ट. बी-सिरीज इंजिनाची जुनी रचना हीच. १९६२ साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनातही सुरुवातीला अशीच लटकती वाटी होती.

एलिमेंट निवडताना तीन मापं घ्या: उंची, बाहेरचा व्यास आणि दोन्ही टोकांच्या भोकांचा व्यास. भोकं दोन्हीकडे सारखी असतीलच असं नाही. उंची दोन-तीन मिलिमीटरने कमी असली तर चालून जाईलसं वाटतं, पण एलिमेंट वरच्या टोकाला दाबून बसला नाही तर तेल त्या फटीतून, कागदाला न शिवता, आरपार जातं. काट्यावर काहीच दिसत नाही. उलट अडथळा कमी झाल्यामुळे काटा थोडा वरच राहील.

असंच आणखी एका कारणाने होतं आणि ते जास्त वेळा होतं. वाटीच्या तळाशी बोल्टवर काही छोटे भाग ओवलेले असतात: स्प्रिंग, तिच्यावर लोखंडी वॉशर, त्यावर फेल्टचा किंवा रबराचा वॉशर, मग एलिमेंट ज्यावर टेकतो ती थाळी, आणि हे सगळं जागेवर धरणारी क्लिप. स्प्रिंग एलिमेंटला खालून वर दाबून ठेवते. फिल्टर काढताना ही थाळी चिकट तेलामुळे जुन्या एलिमेंटच्या बुडाला चिकटून येते आणि त्याच्यासोबत कचऱ्यात जाते. पुढच्या माणसाला ती होती हेच माहीत नसतं. गाडी नव्याने घेतली असेल तर पहिल्याच तेलबदलीला मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून हे भाग मोजा. एखादा गायब असेल तर एमजीबीसारख्या गाडीचे भाग इंग्लंडच्या दुकानांतून आजही सुटे मिळतात.

दुसरी जागा वाटीच्या वरच्या कडेच्या रबरी रिंगेची. ही रिंग हेडमधल्या खोल खाचेत बसते. वर्षानुवर्षं दबून ती इतकी सपाट आणि कडक होते की धातूचाच भाग वाटते. मग नवी रिंग तिच्याच डोक्यावर बसवली जाते. वाटी तिरकी बसते, सुरुवातीला गळत नाही, आणि तेल गरम होऊन पातळ झालं की रस्त्यावर धार. खाचेत टाचणीचं टोक घालून फिरवा. टोक रुतलं तर जुनी रिंग आत आहे. नवी रिंग एका जागी खोचून पुढे ढकलत नेऊ नका. तशी ती ताणली जाते आणि शेवटी लूप उरतो. समोरासमोरच्या चार बिंदूंवर आधी दाबा, मग मधले भाग बसवा. एलिमेंटच्या खोक्यात कधी दोन-तीन जाडीच्या रिंगा येतात, कारण तोच एलिमेंट अनेक गाड्यांना चालतो. काढलेल्या रिंगेशी तुलना करताना ती चपटी झालेली आहे हे लक्षात ठेवून खाचेची रुंदी मोजा.

मधला बोल्ट एमजीबीला १५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. गळतंय म्हणून जास्त आवळला की वाटीचं बूड आत वळतं, मग ते कायमचंच गळतं.

डब्याचा फिल्टर आणि पाऊण इंचाचा सापळा

फिरवून लावायचा बंद डबा १९५०च्या दशकात आला. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ला तो १९६८ पासून मिळाला, एमजीबीलाही साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. बदलणं पाच मिनिटांचं काम झालं आणि चुकीचा डबा लावणंही तितकंच सोपं झालं.

जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारा आटा पाऊण इंचाचा, म्हणजे आपल्या मेस्त्रींच्या भाषेत सहा सुताचा, इंचाला १६ आटे. मिलिमीटरमध्ये व्यास १९.०५, आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.५९. नंतरच्या जपानी आणि युरोपीय गाड्यांत एम २० × १.५ बराच आढळतो: व्यास २०, अंतर १.५. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धोका कळतो. एम २० चा डबा पाऊण इंची बोल्टवर चढतो! थोडा सैल वाटतो, तीन-चार फेरे फिरतो, रबर टेकतं, आवळल्यासारखा वाटतो.

आता हिशोब करा. पाऊण इंची डबा पाऊण इंची बोल्टवर असेल तर आट्यांची पकड प्रत्येक बाजूला साधारण ०.८६ मिलिमीटर. एम २० च्या डब्याचं आतलं भोक १८.३८ मिलिमीटर, त्यामुळे पकड उरते ०.३४. निम्म्याहूनही कमी, आणि आट्यांचं अंतर वेगळं असल्याने तीही सगळ्या आट्यांवर सारखी नाही. सकाळी गार तेलाचा दाब वर गेला की डबा आटे सोलून निसटू शकतो. मग चार लिटर तेल अर्ध्या मिनिटात रस्त्यावर येतं आणि काट्याकडे लक्ष नसेल तर इंजिनही त्याच्यामागोमाग जातं.

जनरल मोटर्सच्या जुन्या व्ही-८ चा आटा आणखी वेगळा: १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिलिमीटर, इंचाला तेच १६ आटे. हा डबा पाऊण इंची बोल्टवर जवळपास सरळ सरकतो, त्यामुळे निदान फसवत तरी नाही.

पाऊण इंच आणि एम २० यांच्यातला फरक डोळ्यांनी पकडता येत नाही. दहा आट्यांच्या लांबीत फरक जेमतेम ०.९ मिलिमीटर, आणि बोल्टचे बाहेर दिसणारे आटे दहा असतीलच असं नाही. आटे मोजायचं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं. ते बोल्टवर लावून उजेडाकडे धरा, दातांमधून उजेड दिसता कामा नये. व्हर्नियरने बोल्टचा बाहेरचा व्यास घ्या: १९ च्या जवळ की २० च्या? गेज नसेल तर पाऊण इंच, १६ आट्यांचा खात्रीचा नट बोल्टवर चढवून पाहा. नवा डबा रिंग टेकण्याआधी दोन फेऱ्यांवर हलवून बघा. जुन्यापेक्षा जास्त डुगडुगत असेल तर तिथेच थांबा.

एक सूचना खास जुन्या गाड्यांसाठी. आधीच्या मालकाने फिल्टरचा बोल्टच बदललेला असू शकतो. म्हणून माप बोल्टचं घ्या, पुस्तकाचं नको.

आट्यांनंतर रबरी रिंग. तिचा आतला आणि बाहेरचा व्यास इंजिनाच्या घासून गुळगुळीत केलेल्या पट्टीच्या मधोमध यायला हवा. खात्री करायची सोपी युक्ती: रिंगेला पातळ तेल लावा, डबा हाताने नुसता टेकवा, काढा आणि पट्टीवर उमटलेला गोल बघा. गोल कुठेही कडेला टेकला किंवा एखाद्या भोकावर चढला असेल तर तो डबा तुमचा नाही. डब्याच्या लांबीत मात्र सूट आहे. लांब डब्यात कागद जास्त, म्हणून जागा असेल तर लांब घ्यायला हरकत नाही. पण इंजिन माउंटिंगवर हलतं, गिअर टाकताना झुकतं. एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि चासी यांच्यापासून बोटभर अंतर ठेवा.

आतल्या दोन झडपा

इथपर्यंत नीट करणारे पुष्कळ असतात. निवड अडते ती इथून पुढे.

पहिली, बायपास झडप. नाव बायपास फिल्टरसारखंच असलं तरी दोघांचा संबंध नाही. फुल-फ्लो रचनेत सगळं तेल कागदातून जातं. आता डिसेंबरातली पहाट घ्या, २०डब्ल्यू-५० तेल काकवीसारखं झालेलं. कागद ते पुरेशा वेगाने पास करू शकत नाही. किंवा कागद कचऱ्याने भरलाय. अशा वेळी न गाळलेलं का होईना, पण तेल बेअरिंगपर्यंत पोचायला हवं. म्हणून कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात ठराविक फरक पडला की ही झडप उघडते. हा फरक बहुतेक फिल्टरांत ८ ते १५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचं एकक) आसपास असतो.

"८ पीएसआयला उघडते म्हणजे माझ्या इंजिनाला आठच पीएसआय मिळणार?" हा प्रश्न वारंवार येतो. नाही. इंजिनाचा एकूण दाब ठरवणारी रिलीफ झडप वेगळी, ती पंपाजवळ किंवा ब्लॉकमध्ये असते. एमजीबीचं मॅन्युअल धावत्या गाडीला ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ सांगतं, ते त्या झडपेचं काम. फिल्टरातली झडप फक्त कागदाच्या दोन बाजूंमधला फरक बघते.

ही झडप असते कुठे? हाच निवडीचा गाभा. फोर्डच्या जुन्या अमेरिकी व्ही-८ साठी ती फिल्टरच्या डब्यात असते. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये ती इंजिनात, फिल्टर जिथे बसतो त्या ॲडॅप्टरमध्येच असते, म्हणून त्याच्या फिल्टरात नसली तरी चालते. समजा तुमच्या इंजिनात झडप नाही आणि तुम्ही झडप नसलेला डबा लावलात, कारण आटे जुळले. उन्हाळाभर काही होणार नाही. थंडीत, कागद अर्धा भरलेला असताना, तो दाबाने चेपून फाटेल आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटांत जातील. फाटला नाही तर तेलच अडेल. उलट दोन्हीकडे झडपा असतील तर जी कमी फरकाला उघडते तिचं राज्य चालतं. ती फारच हलकी असेल तर गाडी जोरात पळवली की रोज उघडणार, आणि तुमचा महागडा कागद शोभेपुरता उरणार. शर्यतीच्या गाड्यांसाठी मुद्दाम झडप नसलेले फिल्टर विकले जातात. ते तेल आधी तापवून घेणाऱ्या आणि दर शर्यतीनंतर फिल्टर फेकणाऱ्या लोकांसाठी आहेत. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी झडप साधी आहे: परत न जाऊ देणारी. डब्याच्या तोंडाशी बाहेरच्या गोलातल्या छोट्या भोकांमागे रबराची चकती असते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल उलट वाहून जाऊ नये म्हणून ती भोकं झाकते. डबा तोंड वर करून लटकत असेल तर तिची गरज जवळजवळ नाही. आडवा असेल तर ती हवीच. आणि तोंड खाली करून उलटा असेल, जसा एमजीबीच्या नंतरच्या गाड्यांत आहे, तर सगळी मदार तिच्यावरच. ती नसेल किंवा कडक झाली असेल तर रात्रभरात डबा रिकामा होतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावर काटा पाच-दहा सेकंद हलत नाही आणि खालून खडखड ऐकू येते. ती खडखड म्हणजे कोरडी बेअरिंग.

ही चकती साध्या नायट्राइल रबराची किंवा सिलिकॉनची असते. नायट्राइल उष्णतेने आणि नुसत्या वयानेही कडक होतं. सिलिकॉन लवचिक राहतं, बहुधा केशरी किंवा लालसर असतं. मात्र रंगावरून शपथ घेऊ नका, रबर कुठल्याही रंगात येतं. दुकानात बोथट काडीने भोकातून चकती हलकेच दाबा. ती दबली पाहिजे आणि लगेच परत आली पाहिजे. मधल्या भोकातून टॉर्च टाकली तर बऱ्याच डब्यांत तळाशी स्प्रिंगवर बसलेली बायपास झडपही दिसते. दोन्ही तपासण्या मिळून अर्धं मिनिट लागतं.

याच कारणासाठी 'जुना ओरिजिनल स्टॉक' बेतानेच घ्या. तीस वर्षं गोदामात पडलेलं खोकं फोटोत सुंदर दिसतं, पण आतलं रबर आणि कागद चिकटवणारा गोंद दोन्ही तीस वर्षांचे असतात. प्रदर्शनात गाडी उभी करायची असेल तर तो लावा आणि घरी आल्यावर काढा.

कागद, मायक्रॉन आणि जाहिरात

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. बेअरिंगमधला तेलाचा थर चालत्या इंजिनात काही मायक्रॉनचाच असतो, म्हणून १० ते २० मायक्रॉनचे कण सगळ्यात घासतात.

खोक्यावर '१० मायक्रॉन' लिहिलं असेल तर विचारा, किती टक्के? निम्मे कण अडवले तरी तो आकडा छापता येतो. खरी तुलना बीटा गुणोत्तराने होते आणि त्याची चाचणी आयएसओ ४५४८-१२ या मानकाने. '२० मायक्रॉनला बीटा ७५' म्हणजे त्या किंवा त्याहून मोठ्या मापाचे ७५ कण आले तर एक पलीकडे जातो, टक्क्यांत ९८.७. बीटा २ म्हणजे निम्मे अडले, निम्मे गेले. जी कंपनी हे आकडे माहितीपत्रकात देते तिच्याकडे बघा. कागदाच्या घड्या मोजून प्रत ठरवू नका. घड्या फार दाटल्या की त्यांच्यामध्ये तेलच शिरत नाही.

पेट्रोलवर चालणारी, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणारी गाडी असेल तर चांगला साधा कागद पुरतो, झडपा बरोबर असतील तर. कृत्रिम धाग्यांचा महागडा फिल्टर लांब अंतरासाठी असतो, आणि अशा गाडीचं तेल तसंही वर्षातून एकदा बदलायलाच हवं, कारण थोडं फिरून उभ्या राहणाऱ्या इंजिनात पाणी साचतं. एक अपवाद. बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन नव्याने चालू केलं आणि आजचं डिटर्जंटयुक्त तेल घातलं तर भिंतींवरचा जुना चिकट गाळ सुटतो आणि पहिला फिल्टर लवकर भरतो. तो ५०० किलोमीटरलाच बदला. इथे भारी फिल्टर घालू नका, स्वस्तातले दोन घाला.

वाटी काढून डबा लावायचा असेल तर

वाटीच्या जागी डबा बसवणारे ॲडॅप्टर मिळतात, बी-सिरीजसाठी तर सहज. सोय खरी आहे: खाचेतली रिंग, स्प्रिंग, थाळी, सगळ्या कटकटी एकदम जातात. घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. बोल्टचा आटा कुठला? डबा कुठल्या दिशेला तोंड करून बसेल? बायपास झडप हेडमध्ये शाबूत राहते, ॲडॅप्टरमध्ये आहे, की डब्यात हवी? तिसऱ्याचं उत्तर "बसतो ना सगळ्यांना" असं आलं तर दुसरा विक्रेता शोधा. ॲडॅप्टर लावण्याआधीही हेडच्या खाचेतली जुनी रिंग काढावीच लागते. काढलेली वाटी, बोल्ट, स्प्रिंग एका पिशवीत घालून जपून ठेवा. गाडी विकताना त्या पिशवीला किंमत येते.

बसवणं आणि पहिली सुरुवात

इंजिन कोमट असताना तेल काढा. जुना डबा पट्टापान्याने सोडवा. पट्टीवर जुनी रबरी रिंग चिकटून राहिलेली नाही ना, ते बोटाने फिरून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की वरची दाबाने बाहेर फेकली जाते. नव्या रिंगेला नवं तेल लावा. कोरडी रिंग आवळताना पिळवटते. डबा तोंड वर करून बसत असेल तर आधीच तेलाने भरून घ्या. उलटा बसणारा भरता येत नाही. रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा, खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पाना लावायचा तो काढताना.

एमजीबीच्या इंजिनात फिल्टरसह साधारण सव्वाचार लिटर तेल लागतं, त्यात अर्ध्या लिटरच्या आसपास फिल्टरचंच. ऑइल कूलर असेल तर थोडं अधिक. कॉइलकडे जाणारी इग्निशनची तार काढा, डिझेल असेल तर बंद करायची दोरी ओढून धरा, आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. काटा हलला की तार जोडा आणि सुरू करा. दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून डब्याभोवती बघा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहून कमी पडलेलं तेल घाला. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि फिल्टरचा पूर्ण नंबर गाडीच्या वहीत.

जुना डबा लगेच फेकू नका. रात्रभर निथळू द्या आणि डबे कापायच्या कटरने तोंडाजवळ गोल कापा. करवत नको, तिचाच चुरा आत पडतो आणि मग सगळीकडे धातूच धातू दिसतो. कागद काढून उन्हात पसरा, घड्या उघडा, वरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड थोडी असली तर ठीक. चकचकीत कपच्या असतील तर कॅमशाफ्ट आणि टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) बघावे लागतील. चुंबकाला न चिकटणारे तांबूस तुकडे म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा लागला. निळे किंवा लाल रबरी धागे दिसले तर ते कुणीतरी गॅस्केटला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे. तेवढे फिल्टरमध्ये आलेत म्हणजे पंपाच्या जाळीवरही असणार, आणि जाळीच्या पुढे फिल्टर कितीही चांगला असला तरी ती बंद झाल्यावर त्याच्यापर्यंत तेल पोचतच नाही. पुढच्या तेलबदलीची वाट न बघता चेंबर उतरवून जाळी साफ करा.